अकरा पस्तीस, ताडांपाशी

आण्णा,

उद्या मी कोल्हापूरच्या त्या मोठ्या वनस्पती बागेत जाणार आहे. तुमच्या नातीच्या सहावीच्या वर्गाची सहल आहे आणि हिच्या आईला झाडांतलं कळतं असं कुणीतरी बाईंना सांगितलं, म्हणून दिवसाचं वेळापत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुपारपासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. 'निर्गमन, सात पंधरा' एवढं लिहिलं आणि हात थांबला. असं लिहायला मला तुम्ही शिकवलंत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी त्या बागेचं नाव निघालं की माझं डोकं अजून तुमच्यावर फिरतं. आज ते लिहूनच टाकते.

चौऱ्याण्णव साल असेल. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तुम्ही गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं की त्या बागेत नेच्यांसाठी वेगळं घर आहे आणि आत माणसापेक्षा उंच, झाडाएवढा नेचा उभा आहे. मी तोवर वीतभर नेचे पाहिलेले, विहिरीच्या कडेचे. दोन वर्षं तुमच्या मागे लागले होते. तुमचं एकच उत्तर असायचं, "बघू की." मग त्या जानेवारीत एके दिवशी जेवताना तुम्ही आपणहून म्हणालात, "जाऊया की पोरी. पर नीट लिहून काढ. आगमन, थांबा, निर्गमन. टायमिंगबिगर गाडी हालत न्हाय." मला आभाळ ठेंगणं झालं.

तीन संध्याकाळी आपण दोघं स्वयंपाकघरात बसलो आहोत, आई चुलीपाशी भाकरी थापते आहे. तुम्ही विचारता, "ताडांच्या रांगंपाशी किती येळ?" मी म्हणते, दहा मिनिटं. "बाकडी हायत का तितं?" आहेत म्हणाले सर. "मग चाळीस लाव. तुझ्या आईचं गुडघं दुखत्यात." मी चाळीस लावते. जेवणाला वीस मिनिटं लिहिलेली असतात, ती तुम्ही तासभर करता. मला वाटतं, माझ्या अभ्यासात आण्णा आज पहिल्यांदा लक्ष घालताहेत. शेवटी तुम्ही ऑफिसातून आणलेला कार्बन काढता. "पेन जोरात दाब. खालचं नीट उठलं पायजे. एक माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." मी एवढं दाबून लिहिलं की दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला बोट दुखत होतं.

निघायच्या दिवशी मी पंजाबी ड्रेस काढला, तर आईने मोरपंखी साडी पुढे केली. "आंबाबाईला ड्रेसात जातीस व्हय?" म्हणाली. तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगायचं आणि तिने देवळाचं, असं तुम्ही दोघांनी वाटून घेतलं होतं. बागेत मी पुढे, वही उघडून. पाट्या वाचत, तुम्हाला नावं सांगत. अकरा पस्तीसला आपण ताडांपाशी पोहोचलो, तर बाकांवर पाच माणसं बसलेली. "आरं, पावणं! तुमी हितं कसं?" तुम्ही म्हणालात खरं, पण तुमचे कान लाल झाले होते. त्यातल्या फेटेवाल्या म्हाताऱ्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "पोरगी येळंची पक्की हाय की! अकरा पस्तीसला ताड म्हणलंय, तर अकरा पस्तीसलाच ताड!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. कागदावर निळी अक्षरं होती, माझी. 'नेच्यांचं घर, दोन दहा' याच्याखाली मारलेल्या दोन रेघासुद्धा खाली स्वच्छ उठल्या होत्या.

बागेत, देवळात मुलगी दाखवायची पद्धत तेव्हा होतीच. नकार आला तरी गल्लीत बोभाटा होत नाही, हे मलाही कळतं. त्या पद्धतीवर माझा राग नाही. मला तुम्ही माझ्याच हाताने मांडव घालायला लावलात, याचा राग आहे. पदवी घेतल्याशिवाय लग्नाचं नाव काढणार नाही असं तुम्ही मला दहावीच्या निकालादिवशी म्हणाला होता, तेही चारचौघांत. त्या बाकावर म्हाताऱ्याच्या बायकोने मला शेवटच्या ताडापर्यंत चालून परत यायला सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत, आणि मी चाललेही. "आता ह्या परीक्षेनंतर कॉलेज बास," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "बास."

जेवणं दोनपर्यंत चालली. मी म्हटलं, आण्णा, नेच्यांचं घर राहिलंय, पाच मिनिटांचा रस्ता आहे. "गाडी चुकंल," तुम्ही म्हणालात. गडहिंग्लजला दर अर्ध्या तासाने गाडी सुटते हे ज्याला झोपेतही पाठ, त्या माणसाने हे म्हणावं! परतताना मी खिडकीला डोकं टेकून रडत होते, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता एवढंच बोललात, "रडतीस कशाला? बाग दावली न्हवं?" मे महिन्यात लग्न झालं. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं मी विकतही घेतली नाहीत.

नवरा वाईट निघाला नाही. तोही त्या दिवशी बाकावर मान खाली घालून बसला होता. साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचं बरं चाललं आहे. माहेरी आले की मी तुमच्या हातात चहाचा कप द्यायचे, तुम्ही एसटीच्या गोष्टी सांगायचात, आणि त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा एकदा काढीन असं वाटलं होतं, पण तुम्ही फार बारीक झाला होता.

आता वेळापत्रक पुरं केलं. पहिलाच थांबा नेच्यांच्या घराचा लावला आहे, पाऊण तासाचा. हे पत्र कुठे टाकणार, तुमच्या गावाला गाडी जात नाही. वहीतच राहील. पण एक गोष्ट लिहायची राहिली.

त्या सकाळी वाटेसाठीच्या दशम्या मीच भाजल्या. आई थापत होती आणि मी तव्यापाशी होते. तिघांना तीस दशम्या झाल्या. मी मोजल्या होत्या आणि जेवायला आणखी कुणीतरी असणार हे ओळखलंही होतं. तुम्ही बाहेर पायरीवर बूट पुसत बसला होता. तोंडावर विचारलं की तुम्हाला खोटं बोलता येत नसे. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं आणि मी घरीच बसले असते. मला तो नेचा बघायचा होता, आण्णा. मी तीसच्या तीस दशम्या फडक्यात बांधल्या आणि गप्प राहिले.