शिवाप्पा आला की पेटी बंद

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
गुरुवार, दुपार

तीर्थरूप अंबुआत्यांस,

रम्याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आणि तुमचा राग या दोहोंची खुशाली कळवावी. (गुडघ्याची राहिली तरी चालेल, ती तुमच्या भावाला, म्हणजे आमच्या अण्णांना, हवेवरूनच समजते.) होसकोटे ते एचएसआर हे अंतर पत्र लिहिण्याइतकं लांब नाही, हे मला मान्य आहे. पण तुम्ही फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिलात, कानाची पेटी रुमालात गुंडाळून अण्णांच्या हाती परत पाठवलीत, आणि वर निरोप दिलात की आता ऐकायचं ते सगळं ऐकून झालं. अशा माणसाशी बोलायचं तर कागदाशिवाय इलाज नाही.

तुमची तक्रार मी, ही ऐकण्याची यंत्रं बनवणाऱ्या आमच्या कंपनीत, जशीच्या तशी मांडली. म्हणजे असं की, गळ्यात अडकवायची ही पेटी सकाळी पूजेच्या वेळी ठणठणीत असते, पण संध्याकाळी दूधवाला शिवाप्पा दारात येऊन उभा राहिला की मरते. तो तोंड हलवतो, ऐकू काहीच येत नाही. रविवारी मात्र तो आला तरी पेटी चालते, कारण रविवारी त्याचा दोष लागत नाही. एवढ्यावरून तुम्ही इतक्या वर्षांचं त्याचं दूध बंद केलंत आणि पाकीट आणायला लागलात. कंपनीत लोक हसतील अशी माझी तयारी होती. कोणी हसलं नाही. आमच्या धंद्यात याहून विचित्र तक्रारी खऱ्या निघालेल्या आहेत, आणि हसणाऱ्यालाच मग ते काम मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे तुम्ही प्रत्येक लग्नात विचारता आणि मी प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीकडे पळते. आज सांगते. पेटीच्या आत एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्यात कर्नेल नावाचा कारभारी असतो. कोणाला किती वीज द्यायची, कोणी आधी बोलायचं, कोणत्या खोलीतला दिवा मालवायचा, हे सगळं तो ठरवतो. (तुमच्या घरात हे काम तुम्ही करता. काका नुसते दिवे लावत फिरायचे.) हा कारभारी कुठे चुकतो ते शोधून काढायचं, यासाठी मला पगार मिळतो. शोधायची रीत अशी, की पेटीला एक केबल जोडायची आणि आत काय चाललंय ते पडद्यावर वाचत बसायचं. तुमची पेटी आम्ही अशी जोडली, आणि ती आठवडाभर न थांबता चालली. दवाखान्यात पाय ठेवताच ताप उतरणारी मुलं असतात ना, अगदी तशी. माझ्यासोबत काम करणारा वेदांत (पुण्याचा आहे, पण माणूस चांगला आहे) केबल काढून पेटी घरी घेऊन गेला. त्याच्याकडे दोन लहान मुलं आणि मुक्कामाला आलेल्या सासूबाई आहेत. तिथेही ती क्षणभर थांबली नाही. सासूबाई तरी कुठे थांबतात, असं तो म्हणाला.

उरला शिवाप्पा. त्याच्यावर आमची रीतसर मीटिंग झाली. त्याच्या गाडीच्या इंजिनाची ठिणगी, त्याचा स्वस्तातला फोन, दुधाचं ॲल्युमिनियमचं कॅन, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. वेदांतने फळ्यावर एक चौकोन काढला, त्यात शिवाप्पा असं लिहिलं आणि त्यातून पेटीकडे तीन बाण काढले. फळ्यावरून काही निष्पन्न होईना, म्हणून शेवटी त्यालाच बोलावून घेतलं.

तो सोमवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दोन बस बदलून आला. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून दूध घेऊन आला. (गेटवरच्या सिक्युरिटीने त्या दुधाची चौकशी केली, माझी केली, मग दोघांना आत सोडलं.) त्याने मला एकच विचारलं, “मी काय केलं म्हणून अक्कांनी दूध बंद केलं?” तपास चालू आहे, असं मी त्याला सांगितलं. आत्या, असली उत्तरं मी ऑफिसात रोज देते, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती.

केबल त्याने लावू दिली नाही, करंट बसेल म्हणाला. म्हणून पेटी तशीच त्याच्या गळ्यात घातली आणि तिच्या वायरचं बोंडूक कानात बसवलं. मग तुमच्या दारात देतो तशी “अक्का, हालू!” ही दुधाची आरोळी त्याने आमच्या काचेच्या ऑफिसात दिली. तीनदा दिली. पेटी उत्तम चालली. फोन लावला, कॅन वाजवलं, पेटीसकट अख्ख्या मजल्याला प्रदक्षिणा घातली, काही फरक नाही. तेव्हा आम्ही त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं, टेस्ट चालू आहे, स्वल्प बसा. “सरी” म्हणत त्याने मान डोलावली आणि बसला. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या पडद्यात माना घातल्या. आमच्याकडे शेजारच्या खुर्चीतल्या माणसालासुद्धा चहाला येतोस का हे टाइप करून विचारतात, कानात गाणी चालू असतात. दुपारभर त्या बिचाऱ्याशी कोणी अवाक्षर बोललं नाही, आणि टेस्ट बिघडेल या भीतीने तोही तोंड मिटून राहिला. संध्याकाळी मला एकदम आठवण झाली. मी जाऊन विचारलं, कॉफी घेणार का? त्याने कानातलं बोंडूक काढून हातात धरलं. त्यातून काहीसुद्धा येत नव्हतं. पेटी मेली होती.

वेदांतने आनंदाने टाळी वाजवली, अख्खा मजला उभा राहिला. शिवाप्पाने घाईघाईने पेटी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणजे अक्का म्हणतात ते खरंच आहे, असं त्याला वाटलं. त्याची समजूत घालायला मला फार वेळ लागला, कारण खरं कारण तोवर मलाही माहीत नव्हतं.

ते कारण असं. माणसाचा आवाज बराच वेळ आला नाही की वीज वाचवायला कारभारी डुलकी काढतो. कोणी बोललं की उठतो, हे ठीक. पण तीन-चार तास कोणीच बोललं नाही तर तो सगळे दिवे मालवून गाढ झोपतो, आणि आमच्या चुकीमुळे त्याला उठवायला ठेवलेल्या राखणदारालाही झोपवून टाकतो. मग उठवणार कोण? केबल जोडलेली असली की राखणदार जागाच राहतो, म्हणून आम्हाला कधी दिसलं नाही. इतकी शांतता फक्त रात्री असते, आणि रात्री पेटी बंद करून सकाळी नव्याने चालू करतात, असं आम्ही धरून चाललो होतो. भांडी, कुकर, रस्त्यावरच्या गाड्या हे पेटी मोजत नाही. माणूस बोलला तरच ते बोलणं.

हे मी मीटिंगमध्ये समजावलं, तर वेदांत म्हणाला, पण दिवसाढवळ्या एवढा वेळ कोणी बोलतच नाही असं घर कुठे असतं? मला तुमचं घर आठवलं. काकांच्या मागे तुम्ही टीव्ही लावत नाही. तुमच्या लेकाचा, यशोवर्धनदादाचा फोन येतो तो रविवारी दुपारी, आणि त्या दिवशी पेटी संध्याकाळपर्यंत जागी राहते. शिवाप्पामुळे पेटी मरत नव्हती, आत्या. ती आधीच कधीतरी झोपलेली असायची. तो आल्यावर तुम्हाला ते कळायचं, कारण पूजेनंतर तुमच्याशी बोलायला आलेला तो पहिलाच माणूस असायचा. मला फार वाईट वाटलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. आणि नेमका तोच एक माणूस तुम्ही बंद केलात.

चूक दुरुस्त झाली आहे. एक ओळ बदलावी लागली. आता पेटी कितीही झोपली तरी हाकेसरशी उठेल. लिहिण्यात कमीजास्त झालं असल्यास तुमच्या नेहमीच्या पद्धतीने कान उपटावेत.

तुमची भाची,
रम्या

ता. क. अण्णांनी इथली पुढची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. तुम्ही येणार नाही म्हणाल, हे ते स्वतःच म्हणाले. तरी केली आहे. पेटीची तपासणी म्हणून का होईना, चार दिवस या. आमच्याकडे ती झोपणार नाही, अण्णा पेपर मोठ्याने वाचतात.

ता. क. २ हे पत्र घेऊन आलेला माणूस शिवाप्पा आहे आणि पेटी त्याच्या पिशवीत आहे. पत्र वाचून होईपर्यंत काही बोलू नकोस, असं मी त्याला बजावलंय, म्हणजे तो अजून दारातच उभा असेल. पेटी गळ्यात घाला आणि पहिला शब्द तुम्ही बोला. रागाचा असला तरी चालेल. पेटीला माणसाचा आवाज लागतो, तो गोड असावा अशी तिची अट नाही.