‘कुबट’ म्हणण्यास हरकत नाही, असे लिहून देण्यास हरकत असल्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत.
(धुलाई विभागाचे पर्यवेक्षक यांचेमार्फत)

विषय : संमतिपत्रावर सही न घेता अर्जदाराची दिवसपाळी कायम ठेवणेबाबत.
संदर्भ : भांडारपाल साहेबांच्या तक्रारीवरून मिळालेले ज्ञापन व त्यासोबतचे संमतिपत्र.

महोदय,

डब्याचे झाकण ओट्यावरून पडले आणि फरशीवर बराच वेळ गरगरत राहिले. एरवी घरात चिडीचूप होते. अर्जदाराची कन्या त्या आवाजाने फक्त कूस बदलून पुन्हा झोपली, म्हणूनच हा अर्ज लिहिणे शक्य होत आहे. ती उठेपर्यंतच अर्जदारास सवड असल्याने अक्षर घाईचे आहे, ते चालवून घ्यावे.

१. अर्जदार ही तळघरातील धुलाई विभागात चादरी निवडण्याच्या टेबलावर काम करते. वॉर्डांतून उतरलेल्या चादरी, गाऊन, बाळांची दुपटी यांतून रक्ताचे वेगळे, उलटीचे वेगळे, नुसते घामाचे वेगळे करून मशीनकडे पाठवणे हे तिचे काम. तळघरास खिडकी नाही. ओल्या कापडाचा वास अंगात, केसांत, डब्यातल्या जेवणातसुद्धा मुरतो आणि साबणाने जात नाही. यावरून वरच्या मजल्यांवर आमच्या विभागातील सर्वांस “कुबट” म्हणतात. लिफ्टचे दार उघडून आत आमची ट्रॉली दिसली, की “कुबट आहेत, पुढची घेऊ” असे म्हणून माणसे नाक धरून मागे सरतात. त्याबद्दल आजवर कोणास ज्ञापन मिळाल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

२. हाच शब्द आम्ही आपसात वापरतो, हे भांडारपाल साहेबांचे म्हणणे खरे आहे, ते नाकारायचे नाही. अर्जदार कामावर लागली तेव्हा तिच्या सासूबाई याच टेबलावर होत्या. पहिल्या दिवशी एका चादरीत असे काही निघाले की अर्जदार मोरीत जाऊन ओकली, तोंड धुऊन परत आली, पुन्हा ओकली आणि पुन्हा परत आली. पाळी सुटल्यावर सासूबाईंनी तिची वेणी हातात घेऊन वास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आली गं बाई, आली! झालीस कुबट. चल आता, चहा पी.” तोवर अर्जदार त्या घरची नुसती सूनबाई होती. त्या चहानंतर घरची झाली. सासूबाई आज नाहीत. कन्येस निजवताना अर्जदार तिच्या केसांत नाक खुपसून “माझी कुबटी” म्हणते आणि कन्या खुदुखुदु हसते. हे कार्यालयीन कामकाजाशी संबंधित नाही, याची कल्पना आहे. तरी नोंद व्हावी.

३. आता घटना. भांडारपाल साहेबांविषयी मनात काही नाही. सोडा, साबण ते कधी अडवून धरत नाहीत. जेवणाच्या सुटीत ते तळघराच्या जिन्याच्या वरच्या टोकाशी आपल्या काचेच्या खोलीत एकटेच डबा खातात आणि आमचे हसणे त्यांना काचेतून ऐकू जाते. त्या दिवशी इस्त्रीवाली मावशी ट्रॉली ओढणाऱ्या लंबूस म्हणाली, “अरे कुबट्या, उष्टा चमचा काय देतोस, धुलाईत आहेस ना तू?” यावर हशा पिकला. तेवढ्यात साहेब दारात येऊन, तेही हसत हसतच, म्हणाले, “काय कुबटांनो, फार रंगात आलात!”

लंबूने चमचा खाली ठेवला. अर्जदार म्हणाली, “साहेब, हे तुम्ही नाही म्हणायचं.”

“का? तुम्ही म्हणता ते चालतं!”

“आमचं आम्ही म्हणतो.”

“मग मी काय परका आहे?”

यावर मावशी अगदी सरळ मनाने म्हणाली, “परके कशाला, या की टेबलावर! लहान मुलांच्या वॉर्डाची गाडी आत्ताच उतरलीय. तेवढी निवडा आणि मग खुशाल म्हणा. मी स्वतः तुम्हाला म्हणेन.”

सदर आमंत्रण साहेबांनी तक्रारीत ‘जाहीर अपमान’ म्हणून नोंदवले आहे.

४. चौकशीत अर्जदारास विचारण्यात आले, की शब्द एकच असताना एकास मुभा व दुसऱ्यास मनाई हा भेदभाव नव्हे काय? मुभेचे निकष असल्यास लेखी द्यावेत. अर्जदाराने निकष काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. किती गाड्या निवडल्यावर शब्द लागू होतो, हंगामी कामगारास अर्धाच म्हणता येईल काय, निवृत्त होताना तो गणवेशासोबत जमा करावा लागेल काय, यातले काहीच तिला ठरवता आले नाही. पर्यवेक्षकांस विचारले तर ते म्हणाले, “लिही काहीतरी, पण मला गुंतवू नकोस.” महोदयांना घरी ज्या लाडक्या नावाने हाक मारतात, त्याच नावाने उद्या सकाळी शिपायाने व्हरांड्यातून हाक मारली, तर महोदय त्यास कोणते निकष दाखवतील? हे वाक्य उद्धटपणाचे वाटल्यास वगळावे, पण वाचून मग वगळावे.

५. साहेबांना हाच शब्द का हवा, याचा अर्जदाराने टेबलाशी उभे राहून पुष्कळ विचार केला. त्यांना खुर्ची आहे, पंखा आहे, खिडकी आहे. आम्हांस हाक मारायला शब्दांचा तुटवडा नाही. ‘ए’ आहे, ‘अगं’ आहे, मनात आले तर नुसती टिचकीही आहे. अर्जदारास वाटते, त्यांना शब्द नको आहे, त्याच्या मागचे हसू हवे आहे. एकट्याने डबा खाणाऱ्यास ते हवेसे वाटणे यात काही वावगे नाही. पण ते हसू त्या वासातूनच निघते. वास तुमच्याकडे ठेवा आणि हसू तेवढे घडी करून वर पाठवा, असे म्हटले तर ते कोणत्या ट्रॉलीतून पाठवावे?

दुसरेही एक वाटते. ज्यांना सगळी दारे उघडीच मिळाली, त्यांना एखादे मिटलेले दिसले की ते आपल्यालाच मुद्दाम बंद केले असे वाटते. आम्हांस मिटलेल्या दारांची सवय आहे, लिफ्टपासूनच. शिवाय हा शब्द आम्ही कुठून आणला? वरूनच तर आला, इतर सगळ्या घाणीसारखा. आम्ही तो उचलला, उकळला, पिळला आणि अंगाला लागणार नाही इतका मऊ केला. आता स्वच्छ दिसू लागल्यावर तो परत मागतात.

६. संमतिपत्रावर सही न केल्यास अर्जदारास रात्रपाळी लावण्यात येईल, असे तोंडी कळवले आहे. कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर संध्याकाळी बंद होते. कन्येचे वडील मालट्रकवर असतात, घरी असले तर पाहुण्यासारखे. कन्या चार वर्षांची आहे. तिला अंधारात कुलूप लावून यावे, असा याचा अर्थ होतो. “एका सहीचं तर काम आहे, कशाला जिवाला घोर लावून घेतेस,” असे पर्यवेक्षक म्हणाले. खोटे कशाला सांगू, अर्जदाराने दोनदा पेन उचलले. परंतु संमतिपत्रात लिहिले आहे, ‘सदर शब्द कोणीही, कोणासही उद्देशून वापरल्यास आमची हरकत नाही.’ त्या ‘कोणासही’मध्ये अर्जदाराची कन्या येते. म्हणून पेन खाली ठेवले.

तरी विनंती, की अर्जदाराकडे सही मागू नये, तिची दिवसपाळी काढू नये. मावशीचे आमंत्रण अद्याप कायम आहे, असेही साहेबांस कळवावे. हातमोजे आम्ही देऊ.

आपली नम्र, व अद्याप दिवसपाळीतली,

(सही)
अर्जदार, चादर निवड टेबल, तळघर
दिनांक : साप्ताहिक सुटीची दुपार

सोबत :
१) ज्ञापनाची प्रत.
२) संमतिपत्र, सही न केलेले. (कोपऱ्यातील मांजर कन्येने काढले आहे. कागद दुसरा मिळाला नाही.)

ता.क. अर्ज पाकिटात घालत असता कन्या उठून मांडीवर येऊन बसली. पाळणाघरातल्या मोठ्या गटातील एका मुलाने काल तिला “कुबटी” म्हटले, हे तिने आनंदाने सांगितले. आपल्यातलाच कोणी दिसतो म्हणून तिने त्यास आपले अर्धे बिस्किटही दिले. तो कसा म्हणाला ते तिने आपले इवलेसे नाक चिमटीत धरून करून दाखवले. मग अर्जदाराकडे बघून तिने जे विचारले, ते जसेच्या तसे खाली लिहीत आहे.

“आई, आपण म्हणताना नाक धरायचं विसरतो का गं?”