ध्रुवदाचं हसणं

३ फेब्रुवारी
ध्रुवदाचा आज चक्क कंटाळा आला! लिहितानाही लाज वाटते. जयप्रकाशच्या बदलीमुळे कोलकात्यात, बेहालाला आलो तेव्हा दुपारभर घरात माणसाचा आवाज म्हणजे रेडिओवरचा हाच. बायका फोन करून घरचं काहीबाही सांगायच्या, हा खो-खो हसायचा. बंगालीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पोळ्या लाटता लाटता मीही हसायचे. खरं तर त्याच्यासाठीच बंगाली शिकले. जयप्रकाश अजून हिंदीवरच आहे — खिदिरपूरला कस्टममध्ये त्याचं भागतं.

आता सगळं कळायला लागलंय. तिथेच घोळ झाला.

५ फेब्रुवारी
तेच तेच विनोद. बायको, सासू, जाडेपणा. मध्येच घसा खाकरून उपदेश — नवरा दमून येतो, चहा हातात द्या! आणि याला मी मनकवडा समजत होते. मूर्ख बाई.

९ फेब्रुवारी
हावड्याच्या एक माशिमा, म्हणजे मावशी, रोज फोन करतात. आवाज पहिल्यापासून ओळखीचा. आज नीट ऐकलं काय म्हणतात ते. मुलगा घरी फिरकत नाही म्हणून रडत होत्या. ध्रुवदा म्हणाला, "माशिमा, तुमचं रडगाणं ऐकायचा मला निदान पगार मिळतो. त्याला काय मिळणार?" वर पिपाणीचा आवाज. त्यासुद्धा कसनुशा हसल्या.

या पिपाणीला मी दोन वर्षं हसत आलेय! रोज!

१० फेब्रुवारी
रेडिओ बंद. दुपार खायला उठते.

१३ फेब्रुवारी
लावलाच फोन. सकाळपासून वाक्य घोकत होते. म्हटलं, "ध्रुवदा, तुमची भाषा येत नव्हती तोवर तुम्ही फार आवडायचात." मेल्याला तोंडावर सुनावलं! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

मग त्याने माझंच वाक्य माझ्याच सुरात म्हणून दाखवलं. एकेक वाकडा उच्चार अगदी हुबेहूब. "दीदी, भाषा अजून तरी कुठे येतेय?"

पिपाणी.

१७ फेब्रुवारी
त्या फोनची जाहिरात केलीय रेडिओवाल्यांनी! दर तासाला माझा आवाज, त्याची नक्कल. मासळीवाल्याने आज त्याच सुरात भाव सांगितला. शेअर ऑटोत तीच जाहिरात लागली तेव्हा शेजारच्या दोघी खिदळत होत्या. तोंड उघडलं तर ओळखतील म्हणून आपलं ठिकाण आलं तरी बोलले नाही. पुढे कुणी उतरलं तेव्हा उतरले, उन्हातून चालत मागे आले. रडूच आलं.

बाजारात आता हिंदीच बोलते. इतकी खपून शिकले होते.

२० फेब्रुवारी
जयप्रकाशला कुणीतरी ती जाहिरात पाठवली. त्याला अक्षर कळलं नाही — बायको रेडिओवर, म्हणून कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकून मोकळा! लगेच आईचा फोन.

"लीना, किती मायेनं हसतो गं तो तुझ्याशी! तिकडे तुझं कुणीतरी आहे म्हणायचं. माझा जीव भांड्यात पडला."

मी हो म्हटलं.