पट्टा काढल्यावर येणारा फोन

मंगळवार, नवघर. दिवेलागण झाल्यावर.

आजही संध्याकाळी मोबाइलवर आईच्या नाडीचे आकडे थांबले. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेला मनगटी पट्टा सोवळ्यात चालत नाही म्हणून गावी जपाला बसताना ती काढून ठेवते, हे ठाऊक आहे मला. पण पाऊण तास? घाबरून फोन लावला.

"जप केव्हाच झाला," ती म्हणाली. "पट्टा मुद्दामच घातला नाही."

"अगं आई, काही झालं असतं म्हणजे?"

"नाडी रोज बघतोस, बोलतोस कुठे? पट्टा जरा जास्त वेळ काढून ठेवला की मात्र लगेच फोन येतो तुझा. अडाणी असले तरी एवढं कळतं हो मला."

मी रागावलो. आधी पट्टा घाल म्हटलं. तिने घातला, आकडे आले, जीव भांड्यात पडला. आणि मी फोन ठेवणार होतो. खरंच ठेवणार होतो, लिहितानाही लाज वाटतेय. हे आकडे दिसायला लागल्यापासून आपण होऊन तिला कधी फोन केला मी? देवापुढे हात जोडतानाही आकडेच बघतोय.

मग कसंबसं विचारलं, "जेवलीस का?"

"का? ते नाही दिसत वाटतं तुझ्या मोबाइलात?"