हवेचा पराभव आणि तुझ्या कढया

भोर, सोमवार

ती. सौ. नलूताईस,

धाकट्या आनंदचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुझ्या सासूबाईंची करडी नजर ठीक असेल असं धरून चालतो. तुझ्या अद्वयच्या इथे भोरला होणाऱ्या लग्नासाठी तू पुण्याहून आगाऊ पाठवलेल्या दोन्ही लोखंडी कढया, ज्यांत तुमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची बुंदी तळली जाते, त्या अगदी सुखरूप आहेत. त्यांचाच वृत्तांत द्यायचा आहे. (फोन केला असता, पण फोनवर समोरच्याला मध्येच बोलता येतं. विज्ञानाने अजून यावर उपाय काढलेला नाही.)

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी वेल्ह्याच्या खेड्यापाड्यांत प्रयोग दाखवून जनतेला वैज्ञानिक दृष्टी देत हिंडतो, हे तुला ठाऊक आहेच. जनता ती दृष्टी नम्रपणे नाकारते आणि चहा पाजते. म्हणून यंदा मोठं काही करायचं ठरवलं. दोन कढया तोंडाला तोंड लावून ठेवायच्या, मध्ये ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्या सम्राटच्या पंपाने आतली हवा काढून घ्यायची. मग बाहेरची हवा त्यांना अशी दाबून धरते की बैलांनी ओढूनही त्या सुटत नाहीत. (हवा काढायला एका कढईला तोटी बसवावी लागली. कशी बसवली ते फार तांत्रिक आहे, तुला कंटाळा येईल.)

गुंजवण्यात देवळापुढे कार्यक्रम ठरला. आधी अर्थातच सत्कार. माझा, सम्राटचा, मग पंपाचा. पंपाने हार माझ्यापेक्षा शांतपणे स्वीकारला. मी माईकवर म्हणालो, की कुठल्याही बैलांकडून या कढया सुटायच्या नाहीत. माझ्या मते मी हवेची थोरवी सांगत होतो. गावाच्या मते मी रामभाऊंच्या बैलांची अब्रू काढत होतो, आणि त्या जोडीला यंदाच जत्रेत पहिला मान मिळालेला. मी सुचवलं की एक बाजू झाडाला बांधू, जोर तेवढाच लागतो. रामभाऊ म्हणाले, त्यांची जोडी झाडाशी झोंबत नसते. मग समोरून गेनूची जोडी आणली. प्रयोग तिथेच संपला आणि सामना सुरू झाला.

बैलांनी ओढलं. कढया सुटल्या नाहीत. विज्ञान जिंकलं होतं, पण टाळी एकही नाही. सगळे मोबाईल कढयांवरून रामभाऊंच्या बैलांकडे वळले, आणि खुराक कमी पडत असेल अशी चर्चा सुरू झाली. रामभाऊ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गुर्जी, ह्यांनी कवाच कुटं हार खाल्ली न्हाई. उद्या म्या ह्यास्नी घिऊन रस्त्यानं कसा जाऊ?"

ताई, मला फार वाईट वाटलं. हवेला अब्रू नसते. (पाठ्यपुस्तकात तसं नाही, पण माझी खात्री आहे.) कढया तपासायच्या निमित्ताने मी वाकलो आणि तोटी जराशी सैल केली. पुढच्या हिसक्याला कढया सुटल्या. गुलाल उधळला, रामभाऊंच्या पारूबाईंनी बैलांना ओवाळलं आणि माझा पुन्हा सत्कार झाला. अशा रीतीने वैज्ञानिक दृष्टीचा प्रसार झाला. हवेला दाब असतो हे आता पंचक्रोशीला पटलं आहे. तो रामभाऊंच्या बैलांपुढे टिकत नाही, एवढंच.

कढया सुखरूप आहेत हे वर लिहिलंच आहे. एक रामभाऊंच्या देवघरात आहे, दुसरी गेनूच्या. जी ज्याच्या बाजूला आली ती त्याच्या मानाची. दोन्हींना हळदकुंकू लागलं आहे.

भाऊजींना नमस्कार, अद्वयला आशीर्वाद.

तुझा,
आनंद

ता. क. काल मागायला गेलो होतो. पारूबाई म्हणाल्या, "देवाची वस्तू पिशवीतनं न्यायची न्हाई. लग्नाला आमी वाजत आणतो." आमी म्हणजे सगळं गाव आणि दोन्ही जोड्या. तेव्हा पानं वाढव आणि कार्यालयाच्या दारात वैरणीचं बघ.

ता. क. दुसरं. तोटी होती त्या कढईच्या बुडाला आता करंगळीएवढं भोक आहे. बुंदी तरी शेवटी झाऱ्याच्या भोकांतूनच पडते ना? पण सासूबाईंनी विचारलंच, तर ते हवेच्या दाबाने पडलं असं सांग. नाहीतर मी त्या लग्नात कुठल्या तोंडाने वावरू? रामभाऊंसाठी मी तोटी सैल केली. माझ्यासाठी तू एवढं कर.