गाडीतला बॉक्स मीच बसवणार

सोमवार, ३ जून. सकाळी ८.
बायको आठवड्यासाठी माहेरी. जाताना एकच काम सांगून गेली. तिच्या गाडीतला फोनचा बॉक्स बंद पडलाय. लाल बटण दाबलं तर कुणालाच फोन लागत नाही आणि ती एकटी लांब लांब जाते. मेकॅनिककडून नवा बसवून घे म्हणाली. स्वतः हात लावू नकोस, असंही म्हणाली. दोनदा.
संकल्प: स्वतःच बसवणार. एकदा तरी तिनं तोंडभरून कौतुक करावं, एवढीच इच्छा आहे.

मंगळवार. संध्या. ५.
बॉक्स आणला. आतलं सिम चालू करायला दुकानदारानं गाडीचे कागद मागितले. पाठवले. त्यावर बायकोचं नाव, तिचाच नंबर, पण ती नुसती फॉर्मॅलिटी. अठरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. काम म्हणजे हातचा मळ.

बुधवार. दुपारी १.
डॅशबोर्ड उघडला. आठ स्क्रू. एक बोट कापलं. बायकोचा फोन: गाडी मेकॅनिककडे दिली का? दिली म्हणालो. तपशिलात शिरायला वेळ नव्हता.
४.१०. बॉक्स बसला! हिरवा दिवाही लागला. माझा फोन मात्र जोडून घेईना. म्हणतो, मालकाचा फोन आधीच जोडलेला आहे. मालक तर मीच. म्हणजे पीस डिफेक्टिव्ह. दुकानदाराला खरमरीत मेसेज.

गुरुवार.
ऑफिसला दांडी. रीसेटसाठी बॅटरीची वायर अकरा वेळा काढून लावली. हॉर्न आपोआप वाजत सुटला. सगळी बिल्डिंग गॅलरीत.
बायकोनं विचारलं, गॅरेज कुठंय? पुलापलीकडे, म्हणालो. बरं म्हणाली. हल्ली फार समजूतदार झालीय.

शुक्रवार.
डॅशबोर्ड परत बसवला. स्क्रू पाचच लागले. कंपनीवाले उगाच जास्तीचे देतात.
बायको विचारत होती, तुझा मेकॅनिक गाडीची दारं सताड उघडी टाकून काम करतो का? बॅटरी उतरेल ना. तिला गाडीतलं काय कळतं! माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे, असं ठणकावून सांगितलं.

शनिवार. दुपारी ३.
बॅटरी उतरली. उद्या अकराला तिला आणायला स्टेशनवर जायचंय.
प्लॅन: सगळं मेकॅनिकवर ढकलायचं. प्लॅन चोख आहे.

रविवार. सकाळी ९.३०.
बायको टॅक्सीनं दीड तास आधीच हजर. सोबत खरा मेकॅनिक, नवी बॅटरी घेऊन. मी तोंड उघडायच्या आत तिनं फोन पुढे धरला. बॉक्सनं तिला पाठवलेले गाडीचे मेसेज, बुधवार दुपारपासूनचे. दार तीन तास उघडं. बॅटरी काढली, अकरा वेळा. गाडी कुठंय, तर आमच्याच पार्किंगमध्ये.
मेकॅनिक म्हणाला, बॉक्स एकदम फर्स्टक्लास बसलाय. बायको म्हणाली, "बसवलास छान. बॉक्स तरी माझ्याशी खरं बोलतो."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी 'छान' म्हणाली, त्याची नोंद इथे करून ठेवतो.

१०.१५. नवी बॅटरी लावल्यावर बॉक्सनं सेटिंगचा शेवटचा प्रश्न विचारला: संकटात पहिला फोन कुणाला लावायचा? मी माझा नंबर सांगायला लागलो.
तिनं मेकॅनिकचा टाकला.