सभेत नाव सांगायचं होतं

३ एप्रिल १९७५, गुरुवार
मुख्याध्यापक आज सगळ्यांसमोर म्हणाले, "बी.ए.चा नाद सोडा बाई, दोनदा नापास झालात की!" मी म्हटलं, तिसऱ्यांदा पास होईन. शेवटचा पेपर इतिहासाचा, पंचवीस तारखेला, जालन्याला. प्रकरण सहावे: एकोणिसावे शतक – उदारमतवाद, स्त्रीमुक्ती, मद्यपानबंदी. पाठच होईना! शेवटी पोळी लाटता लाटता मोठ्याने म्हणत बसले. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चुलीपाशी ऐकत होत्या. म्हणाल्या, "कोन बाया गं ह्या, दारूच्या दुकानापुढं बसलेल्या?" सांगितलं, अमेरिकेतल्या, १८७३ सालच्या. थंडीत, बर्फात गुडघे टेकून बसल्या आणि दुकानं बंद पाडली. आत्याबाई म्हणाल्या, "बरं केलं." आणि चुलीतलं लाकूड आत सारलं.

४ एप्रिल
घ्या! पुस्तकातलं दारात आलं. सरपंच अप्पारावांचा मेव्हणा आमच्या गावात देशी दारूचं दुकान काढणार. सरकारमान्य. जागा कुठे? शाळेच्या कुंपणाला लागून! गावाची हरकत नाही असा ठराव रविवारच्या ग्रामसभेत घेणार आहेत.
मधल्या सुट्टीत अप्पारावांना गाठलं. हसून म्हणाले, "मास्तरीणबाई, लोकशाही हाय. ज्याला प्यायची तो पिऊन राह्यला. हातभट्टीनं मरन्यापरीस सरकारी काय वाईट?" म्हणजे हेही उदारमतवादीच! ज्याचं त्याने ठरवावं म्हणे. आणि ज्याच्या बायकोने पाठीवर वळ घेऊन खुरपायला जायचं, तिने कधी ठरवायचं?
हे दुकान मी होऊ देणार नाही. लिहून ठेवते.

६ एप्रिल, रविवार
हरलो. तेही कशाने!
दोन दिवस घरोघर फिरून अकरा बायका चावडीवर आणल्या. आमच्या वस्तीतल्या सहा, वरच्या आळीतल्या पाच. चावडीची पायरी कधी न चढलेल्या. डोक्यावरून पदर, चपला हातात. ग्रामसेवक बद्रीनाथ म्हणाले, हरकत तोंडी घ्यायची, जिची तिने पूर्ण नाव सांगून. वरच्या आळीतली सोनूबाई उभी राहिली. "सोनूबाई..." आणि पुढे गप्प. पुढे नवऱ्याचं नाव! ते कसं घ्यायचं? शेजारणीने सांगू का विचारलं, तर बद्रीनाथ म्हणतात, "चालायचं न्हाई. जिचं तिनं." त्यांना बरोबर माहीत होतं! अकराच्या अकरा तशाच खाली बसल्या. पुरुष खो खो हसले.
माझं नाव त्यांनी आपणच लिहून घेतलं. पगारपत्रकावर बघितलेलं.
माणसं कमी भरली म्हणून सभा वीस तारखेवर गेली. एवढंच नशीब.

७ एप्रिल
राग जात नाही. सोनूबाईला म्हटलं, नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही, दारूने होतं. ती म्हणाली, "कळतं वो बाई. पर जीभच उचलत न्हाई."
त्या अमेरिकेतल्या बायकांना म्हणे नवऱ्याच्या नावानेच ओळखत. मिसेस अमुक. स्वतःचं नाव कागदावर यायला त्यांना किती झगडावं लागलं! आमचं उलट. ते नावच आडवं पडलंय.

१० एप्रिल
सापडलं! मला नाही, नंदाबाईला. ही वरच्या आळीतली, कारभारी पाटलांची बायको, तोंडाची भलती फटकळ. पाण्यावर भेटली. म्हणाली, "अवो मास्तरीणबाई, लग्नात दार आडवलं का घेतोच की नाव! आता बी दार आडवलंच हाय समजा. उखान्यात घेऊ!"
मी घागर तिथेच ठेवली आणि तिच्या पाया पडायला गेले. ती ओरडली, "आता माझ्या नका पडू, जल्दी बाया गोळा करा!"

१२ एप्रिल, शनिवार
हे जालन्याहून आले. कापसाच्या जिनिंगमध्ये काम फार. अंग कसकसतंय म्हणून न जेवता झोपले.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक जोरात झाली. नंदाबाई आणि सोनूबाई आमच्या वस्तीत आल्या, पहिल्यांदाच. ओसरीवर बसून उखाणे जुळवले, चहा घेतला. सोनूबाईने कप हातात घेऊन जरा इकडे तिकडे बघितलं, मग प्यायली. हे मिरवणुकीत शेवटपर्यंत नव्हते, डोकं दुखत होतं.

१७ एप्रिल
तेवीस बायका. अभ्यास शून्य.

२० एप्रिल, रविवार
जिंकलो! जिंकलो!! जिंकलो!!!
चौतीस बायका. बद्रीनाथांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि विचारलं, "हं, पूर्ण नाव?" नंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली:
गोठ्यात बांधली गाय, दारात बांधला घोडा,
कारभारीरावांचं नाव घेते, दारूचा नाद सोडा!
चावडी दणाणली. कारभारी पाटील खांबामागे सरकले. बद्रीनाथ म्हणाले, "हे काय लग्न हाय का?" नंदाबाई म्हणाली, "नाव पाह्यजे व्हतं ना? लिहा!" मग सोनूबाई. आवाज कापत होता, पण घेतलं:
तव्यावरची भाकर, भाकरीवर ठेचा,
रामरावांचं नाव घेते, नकार घ्या आमचा!
मग काय, थांबेचनात. बद्रीनाथांचा हात दुखायला लागला. माझं नाव याही वेळी ते आपणहून लिहिणार, तर बायकाच ओरडल्या, "न्हाई न्हाई, बाईंनी बी घ्यायचं!" मला उखाणा पाठ नव्हता. उभ्या उभ्या जुळवला:
पाटीवर पेन्सिल, फळ्यावर खडू,
—रावांच्या घरात दारू विषाहून कडू!
टाळ्या! कुणीतरी म्हणालं, "नशीब काढलं बाईंनी." माझ्यानंतर आत्याबाईंचा नंबर होता, पण त्या उठून घरी गेल्या. गुडघे दुखत असतील.
ठराव पडला. अप्पाराव चहा न पिता निघून गेले.

२१ एप्रिल
दुपारी ज्वारी निवडताना आत्याबाईंना मीच विचारलं, काल का उठलात? सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तुझा सासरा तापानं गेला आसं मी गावाला सांगितल्तं. एकवीस वर्सं झाली. त्यो पिऊन हिरीत पडल्ता." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तर म्हणाल्या, "कसं म्हाईत असंल? मी झाकलं. काल चावडीत तू बी झाकलंस. चौतीस बायांनी टाळ्या वाजवल्या तुला. त्यातल्या एकीनं बी घरचं खोटं सांगितलं न्हाई."
मी चिडले. म्हटलं, दुकान तर हाणून पाडलं ना! त्या म्हणाल्या, "गावातलं पाडलंस."

२२ एप्रिल, मंगळवार
माझ्या नवऱ्याचं नाव देवानंद. तो दारू पितो. सात वर्षं झाली. या वहीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. संध्याकाळी नंदाबाईच्या ओट्यावर सगळ्या जमणार आहेत. तिथे उभी राहून हेच सांगणार आहे, उखाण्याशिवाय.